चार पेचांचा डब्बा

कुणाच्याही घरी गेले की भाऊ आधी वस्तू उलटी करून पाहायचे. तुम्ही पाण्याचा पेला आणायला आत जावं, तेवढ्यात त्यांनी तुमच्या टेबलावरचं घड्याळ पालथं घातलेलं असायचं. रेडिओ, मिक्सर, इस्त्री, लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला टोस्टर, काहीही. बुडाशी पेच दिसले की चेहरा खुलायचा. "हां, हे खुलते," असं म्हणून वस्तू जागेवर ठेवायचे. पेच नसले, नुसतं चिकटवलेलं असलं, तर ती दोन बोटांनी लांब सरकवायचे आणि घरमालकाकडे दयेने पाहायचे.

"जे खुलत नाही ना ताई, ते आपलं नाही. दुकानदाराले पैसे आपण देल्ले, तरी बी नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही नवीन वस्तू घेताना हात आपोआप तिच्या बुडाकडे जातो. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. सवय त्याची असते आणि ती लागते आपल्याला. माणूस निघून जातो, सवय राहते, आणि आपण दुकानात उभे राहून प्रेशर कुकर उलटा करत बसतो.

गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीच्या आमच्या मोहल्ल्यात त्यांना लहानमोठे सगळे भाऊच म्हणत. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आजवर त्यांना अहोजाहो करत आले, इथेही करायचा बेत आहे. मधेच कुठे 'तो' निघून गेलं तर समजून घ्या. राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवण्याची मला घाईही नाही.

भाऊंचं दुकान गोंदियाला, स्टेशनजवळच्या गल्लीत. आधी रेडिओ-टेप, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. जमाना जे बिघडवेल ते भाऊ दुरुस्त करणार. माणूस मोठा टापटिपीचा. पांढरा शर्ट, केसांना काळा रंग, आणि खिशाला जिथे बाकीचे लोक पेन लावतात तिथे पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. दुकानात गिऱ्हाइकाशी हिंदी, घरी झाडीबोली, आणि गिऱ्हाईक फारच डोकं खायला लागलं तर इंग्रजी. इंग्रजी म्हणजे दोनच शब्द, 'व्हेरी सॉरी'. पण ते असे म्हणायचे की गिऱ्हाइकालाच सॉरी वाटावं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा सुटली की संध्याकाळी बुद्धविहारातली अभ्यासिका सांभाळायची, हे माझं दुसरं काम. आमची अभ्यासिका म्हणजे सतरंज्या, दोन लांब टेबलं, वर्तमानपत्रं आणि कुणीतरी दान दिलेला एक जुना कॉम्प्युटर. पोलीस, तलाठी, रेल्वे, वनरक्षक अशा भरतीची तयारी करणारी मुलंमुली तिथे बसत. त्याच सुमारास भरतीचे अर्ज ऑनलाइन व्हायला लागले होते. म्हणजे अभ्यास मुर्रीत करायचा आणि अर्ज भरायला गोंदियाच्या सायबर कॅफेत रांग लावायची. राईस मिलवर किंवा धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, कामाला जाणाऱ्याचा एक दिवस त्यात बुडायचा. कित्येकांचा अर्ज त्या एका दिवसापायी राहून जायचा, आणि मग वर्षभराचा अभ्यास तसाच सतरंजीवर पडून राहायचा.

टेलिफोनच्या तारेवरून विहारात इंटरनेट आलं, तेव्हा मी कॉम्प्युटरला हार घातला होता. भाऊ आले, त्यांनी कंपनीचा डब्बा उलटा केला आणि तोंड वाकडं केलं.

"चिकटवलेला आहे. याच्या भरोशावर नोको राहा ताई. मी करतो काहीतरी."

त्यांनी केलं ते असं. नागपूरच्या भंगार बाजारातून जुने वायफायचे डब्बे पोत्यात भरून आणले. मोठमोठ्या ऑफिसांनी टाकून दिलेले, काळे, जड, प्रत्येकाच्या बुडाशी चार पेच. एका रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं, सतरंजीवर एक डब्बा ठेवला, खिशातला पेचकस काढला आणि तो थेट पार्बताबाईच्या हातात दिला. पार्बताबाई म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली सर्वांत म्हातारी बाई. जन्मभर लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी केलेली, आणि कुणालाही न भिणारी.

"बुढे, खोल."

"मी कायले खोलू? तुहा डब्बा, तू खोल."

"तुह्या घरी लागन तं तुहाच डब्बा. खोल."

पार्बताबाईने पेच काढले. जीभ दातांत धरून, एकेक पेच पदरावर ठेवत. झाकण निघालं. आतल्या हिरव्या पाटीवर, एका खाचेत, आगपेटीहून थोडंसं मोठं एक कार्ड बसवलेलं होतं. भाऊंनी ते दोन नखांनी उचकटून सगळ्यांना दाखवलं.

"हे पाह्य. हवेत बोलते ते हेच. वीज पडली का पहिले हेच जळते. जळलं तं हे फेकाचं, दुसरं बसवाचं, डब्बा तोच. बिघडलेल्या लॅपटॉपमधून बी निघते असं कार्ड, फुकट. आता नवे डब्बे येऊन राहिले, त्यात कंपनी हे डाक मारून चिकटवून देते. मंजे कार्ड मेलं का पूरा डब्बा मेला. समजलं?"

"अन त्याचं डोकं?" कुणीतरी विचारलं.

"डोकं मंजे फर्मवेअर. कंपनीनं याले जे रटवलं तेवढंच हा बोलते, पोपटावानी. आपण ते पुसून टाकू. जगातल्या लोकांनी मिळून दुसरं बनवलं आहे, खुलं. कोणी बी वाचा, कोणी बी बदला, कोणाच्या बापाचं नाही. ते टाकलं का हा डब्बा आपलं ऐकन."

मला त्यातलं निम्मं कळलं. पण जमलेल्या सगळ्यांनी मान डोलावली, तशी मीही डोलावली.

काही आठवड्यांत घराघरांत डब्बे लागले. विहारातल्या एका लाइनवरून इंटरनेट एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारत निघालं आणि मोहल्ल्याच्या टोकाशी, धानाच्या बांध्या सुरू होतात तिथपर्यंत पोचलं. भाऊंचा एकच नियम होता. डब्बा ज्याच्या घरचा, पेच त्यानेच काढायचे. भाऊ बाजूला मांडी घालून बसणार, हात लावणार नाहीत. प्रत्येक डब्ब्याच्या मागे एक जास्तीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं. ही कार्डं भंगारवाल्याकडे परत जाऊ नयेत म्हणून भाऊंनी प्रत्येकावर वहिनींच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. वहिनी म्हणायच्या, "माह्या नखाले लागाच्या आधीच शिशी सरून राहिली."

लांबच्या घरांना सिग्नल पोचेना, तेव्हा भाऊंनी पुऱ्या तळायच्या झाऱ्यांवर डोळा ठेवला. झाऱ्याची वाटी डब्ब्याच्या अँटेनामागे बांधली की सिग्नल एका दिशेला जोरात जातो, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही निघालं. पण मोहल्ल्यातले झारे एकेक करून छपरावर गेले. माझाही गेला. त्या वर्षी पोळ्याला मी वडे चमच्याने काढले आणि बोट भाजून घेतलं. वर पाहिलं तर माझा झारा विहाराच्या छपरावर उन्हात चमकत होता. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला, हे सांगायला हवं.

मग प्रश्न आला किल्लीचा. पासवर्डला आमच्याकडे किल्लीच म्हणत. भाऊंनी विहारात बैठक घेतली आणि सांगितलं की प्रत्येक घराने आपापल्या डब्ब्याची वेगळी किल्ली ठेवावी, शेजाऱ्यालाही सांगू नये.  मग पार्बताबाई उठून उभी राहिली.

"कायले वेगळी? विहिरीले कुलूप आमी पायलं आहे, भाऊ. माह्या मायनं कुलपाजवळ घागर घेऊन सकाळ काढली, कोणी वरून पाणी वाढन मनून. आता आपल्या घरी आपली चीज आली, तं तिले आपणच कुलूप लावाचं का? एकमेकापासून? एकच किल्ली करा. साऱ्याईची."

 भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "बुढी बरोबर बोलते," एवढंच म्हणाले. मग सगळ्या डब्ब्यांना एकच किल्ली लागली आणि ती विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असायची. पुसट झाली की येणाराजाणारा कुणीही ती गिरवायचा. दुसऱ्या कुठल्या वस्तीने असं केलं असतं की नाही, मला माहीत नाही. आमच्या वस्तीला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं, आणि हे भाऊंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तेही त्याच वस्तीत जन्मलेले.

अभ्यासिकेत रंजना यायची. देवरीकडच्या जंगलपट्टीतली, गोंड घरातली. मुर्रीत मावशीकडे राहायची, सकाळी राईस मिलवर काम, दुपारनंतर अभ्यास. बाकीच्यांपेक्षा वयाने मोठी. आधीच्या भरत्यांमध्ये कधी धावण्यात मागे पडली, कधी लेखी परीक्षेत थोडक्यात गेली. तिला वनरक्षकच व्हायचं होतं. "बाबा जंगलात रोजीवर होते, मॅडम. साहेबाची कॅन उचलून मागे मागे फिरत. मले त्या रस्त्यानं वर्दी घालून चालाचं आहे." हे ती असं सांगायची, जसं आपण बाजारातून काय आणायचं ते सांगतो.

भाऊंच्या नियमाप्रमाणे पेच सगळ्यांनी एकदा काढले होते. दुसऱ्यांदा काढले ते फक्त रंजनाने. बाकी आम्ही सगळे, मी धरून, दिवा लुकलुकला की भाऊंच्या दारात. पण एकदा जेठात वीज पडली, विहारातला डब्बा गप्प झाला आणि भाऊ लग्नाला सौंदडला गेलेले. रंजनाने भाजी कापायच्या सुरीने पेच काढले, जळकं कार्ड उपसलं, लाल ठिपक्याचं बसवलं, आणि दिवे लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

भाऊ परत आले. आधी डब्बा उलटा केला. पेच घट्ट आहेत का ते अंगठ्याने पाहिलं. सुरीचे ओरखडे दिसले तेव्हा त्यांनी खिशातला पेचकस काढला आणि तिच्यापुढे धरला.

"सुरीनं पेच मरते, बाई. हा ठेव."

"मग तुमाले?"

"मले काय, मी आणीन दुसरा. सारा मोहल्ला एकीकडे अन हे पोरगी एकीकडे. पायलं का ताई, एक तं निंगाली!"

दुसरे दिवशी त्यांना रिकाम्या खिशाने सायकलवरून जाताना पाहिलं. खिशाची शिवण एका बाजूला ओढली गेली होती, इतकी वर्षं तिथे वजन असल्यामुळे. मला ते पाहून भरून आलं होतं. आता आठवलं की त्याच गोष्टीचा संताप येतो.

पुढे काळ बदलला. फोन सगळ्यांच्या हातात आले आणि ते सगळे चिकटवलेले. ते दुरुस्त करायला भाऊंकडे कोण जाणार? दुकानात धूळ बसायला लागली. त्याच वेळी गोंदियाच्या एका केबलवाल्याने घरोघरी इंटरनेट द्यायला सुरुवात केली. बाकीच्या वस्त्यांत त्याच्या तारा पोचल्या. मुर्रीत आमच्या मोहल्ल्यात कुणी दार उघडेना, कारण आमचं चाललेलं होतं. भाऊ त्या केबलवाल्याच्या ऑफिसात जायला लागले. "थोडं टेक्निकल काम आहे," म्हणाले. आम्हाला बरंच वाटलं. आपला माणूस तिथे आहे, असं मी स्वतः दोघातिघांना सांगितलं.

रोवणीचे दिवस होते. मोहल्ला सगळा बांध्यांत. दुपारी शाळेतून येताना पाहिलं तर भाऊ विहाराच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन एकटेच बसलेले.

"काय चाललंय, भाऊ?"

"अपडेट करून राहिलो, ताई. केबलवाला विहाराले नवी लाइन देऊन राहिला, ट्रायलवर. स्पीड वाढन."

मी घरून चहा करून आणला. त्यांनी पेला घेतला, पण वर पाहिलं नाही. फळ्यावरची किल्ली समोरच होती, ती त्यांना पाहायचीही गरज नव्हती. पायरीवर बसल्या बसल्या ते एका घरातून दुसऱ्या घरात जात होते. एकही डब्बा त्यांनी उलटा केला नाही. माझ्या ओळखीत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि मी तिथे उभी राहून त्यांना आणखी साखर हवी का ते विचारत होते.

स्पीड खरंच वाढला. लोकांनी भाऊंचं नाव काढलं. दोन घरांतून त्यांना वांग्याची भाजी गेली.

पाऊस परतायला लागला तेव्हा वनरक्षकाची जाहिरात आली. रंजनाच्या वयाला ही शेवटचीच भरती होती. ते सगळ्यांना माहीत होतं, भाऊंनाही. तिने अर्जाची सगळी तयारी केली, पण जातीचा दाखला देवरीहून यायचा होता, तो आज मिळेल उद्या मिळेल करत शेवटच्या दिवशी हातात पडला. त्या दिवशी सकाळी ढग आले आणि विहारामागच्या चिंचेवर वीज पडली. डब्बा गप्प.

रंजना घाबरली नाही. तिने पिशवीतून तो पेचकस काढला, पेच काढले, जळकं कार्ड उपसलं आणि मागे बांधलेलं लाल ठिपक्याचं कार्ड बसवलं. दिवे लागले.  मग कॉम्प्युटरवर एक पान उघडलं. इंग्रजीत होतं, पण अर्थ सरळ होता. हे कार्ड या डब्ब्याला मंजूर नाही, तुमच्या कंपनीशी संपर्क साधा.

तिने दुसऱ्या घरचं कार्ड आणून लावलं. तेच पान. भाऊंनीच शिकवल्याप्रमाणे खुलं फर्मवेअर पुन्हा चढवायचा प्रयत्न केला. डब्ब्याने तेही घेतलं नाही. फळ्यावरची किल्ली टाकली, तीही चुकीची ठरली. रंजनाने पेचकस खाली ठेवला.

"मॅडम, हा आपला डब्बा नाही आहे," ती म्हणाली.

मी भाऊंना फोन लावला. पलीकडे ऑफिसचा पंखा घरघरत होता.

"आत होतं तेच कार्ड चालते, ताई, बदललं तं नाही चालत. कंपनीचंच लागते. उद्या माणूस पाठवतो."

"भाऊ, आज शेवटचा दिवस आहे. रंजनाचा अर्ज आहे."



"उद्या, ताई," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

फोनवर अर्जाचं पान उघडत नव्हतं, म्हणून रंजना सायकल घेऊन गोंदियाला गेली. त्याच वादळाने बाजारातली वीज गेली होती. एक कॅफे बॅटरीवर चालू होता, तिथे तिच्यासारख्यांची रांग दारापर्यंत. तिचा नंबर आला तेव्हा पान अर्धं उघडून अडकलं. ते तसंच अडकलेलं असताना संध्याकाळी साइट बंद झाली. ती परत आली ती सायकल हातात धरून, चालत. मला काही विचारायची गरज पडली नाही.

दुसरे दिवशी मी रजा टाकली आणि त्या केबलवाल्याच्या ऑफिसात गेले. भाऊ काचेच्या टेबलामागे बसले होते. अंगात कंपनीचा निळा शर्ट. खिशाला पेन.

"तुम्ही आमच्या डब्ब्यांना कुलूप लावलं," मी म्हणाले. बसले नाही.

"हळू बोला, ताई. तसं नाही आहे ते. कंपनीची पॉलिसी असते."

"कंपनीला किल्ली कुणी दिली? पार्बताबाईने मागितली होती ती एकच किल्ली. त्याच किल्लीने केलं ना हे सगळं, त्या दुपारी?"

"हो," ते म्हणाले. नाही म्हणाले असते तर मला कदाचित सोपं गेलं असतं.

मग एकदम त्यांचा आवाज चढला. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकला नव्हता. "इतके वर्ष सांगून राहिलो मी, खोला, खोला! कोन खोललं? वीज पडली का भाऊ. दिवा लुकलुकला का भाऊ. जेवत्या ताटावरून उठवलं मले तुमी लोकाईनं. तुमाले खुला डब्बा नोको होता, तुमाले भाऊ पायजे होता. फुकटातला! माह्या दुकानात कोणी पाय ठेवला का मांगच्या साली? मले बी घर आहे का नाही?"

त्यातलं खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. दुकान चालत नाही, असं विहारात येऊन सांगितलं असतं तर आम्ही काय हाकलून दिलं असतं? नोकरी धरली असती, आम्हाला सोडलं असतं, तरी चाललं असतं. आमची किल्ली घेऊन, आम्ही चिखलात असताना, आमच्याच पायरीवर बसून हे करायची काय गरज होती?

पण हे सगळं मी बोलले नाही. एवढंच म्हणाले, "रंजनाने खोललं होतं."

भाऊंचा हात खिशातल्या पेनाकडे गेला.

"तुमच्या पेचकसाने खोललं. तुम्ही शिकवलं तसंच कार्ड बदललं. अख्ख्या मोहल्ल्यात एकीनेच तुमचं ऐकलं, आणि तुमच्या डब्ब्याने तिलाच ओळख दाखवली नाही."

"पुढच्या भरतीले मी सोता..."

"पुढच्या भरतीला तिचं वय बसत नाही. तुम्हाला माहीत होतं."

टेबलावर काचेचा एक पेपरवेट होता. भाऊंनी तो उचलला, उलटा केला, बुडाकडे पाहिलं आणि परत ठेवला. हात काय करतोय हे त्यांचं त्यांना कळलं नसावं. मी निघून आले.

मोहल्ल्यात दोन तट पडले. भाऊलाही पोट आहे, असं म्हणणारे होते. हळूहळू घरोघरी कंपनीचं कनेक्शन आलं, डब्ब्यांत कंपनीचा शिक्का असलेली कार्डं बसली, अभ्यासिकेतही बसलं, कारण मुलांना अर्ज तर भरायचेच होते. फळ्यावरची किल्ली कुणी गिरवेना, ती आपोआप पुसली गेली. पार्बताबाई मात्र दोन्ही तटांत नव्हती. तिने आपल्या घरचा डब्बा काढला, पदराखाली घेतला आणि भाऊंच्या उंबऱ्यावर उलटा ठेवून आली, चारही पेच वर. भाऊ घरात होते. बाहेर आले नाहीत.

पुढे कंपनीने त्यांना नागपूरच्या ऑफिसात नेलं. घर विकायला काढलं. सामान बांधायला वहिनी एकट्याच आल्या होत्या. वहिनींशी माझं भांडण नव्हतं, म्हणून मी मदतीला गेले, आणि माझ्याबरोबर रंजनाही आली. ती तोवर मुर्रीच्या चौकात लोकांचे अर्ज भरून द्यायचं छोटं दुकान चालवायला लागली होती. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला दटावते.

भांडी बांधून झाली. वहिनी म्हणाल्या, "आतल्या खोलीत वायफायचा डब्बा आहे, तेवढा काढून देता का? हे मनाले, बाकी सारं टाकलं तरी चालन, पण तो जपून आणजो. कोणाले हात बी लावू देत नाही."

आतल्या भिंतीवर, खिळ्याला, तो होता. काळा, जड. दिवे लागलेले. रंजनाने वायर काढली, डब्बा खाली घेतला आणि उलटा केला. तिला ती सवय कुणाची लागली ते सांगायला नको. चारही पेच चकचकीत होते, वारंवार काढल्याने लोखंड उघडं पडलेलं. तिने पिशवीतून पेचकस काढला. मी दाराकडे पाहिलं, वहिनी बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होत्या.

झाकण निघालं. आत लाल ठिपक्याचं कार्ड होतं, पिशवीतून अलीकडेच काढून बसवलेलं, कोरं.

म्हणजे हा डब्बा बदललेला नव्हता. कंपनीचं कुलूप लावलेल्या डब्ब्यात असं नवं बसवलेलं कार्ड चाललंच नसतं, हे आम्हा दोघींपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? त्या दुपारी पायरीवर बसून तो एकेका घरात शिरला, पार्बताबाईच्या, माझ्या, विहाराच्या, आणि स्वतःच्या घराशी येऊन थांबला. सगळ्यांच्या दारांना कुलूप घालताना याने आपलं दार तेवढं उघडं ठेवलं होतं. कुणाला गरज नाही, असं त्याला वाटत असतं तर त्याने स्वतःपुरतं का जपलं असतं? त्याला किंमत माहीत होती. आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगली माहीत होती.

  रंजनाने दोन नखांनी ते कार्ड खाचेतून उपसलं आणि ओंजळीत धरून थोडा वेळ पाहिलं.

"एवढं ठेवते मी," ती म्हणाली.

मग झाकण बसवलं, चारही पेच फिरवून घट्ट केले, डब्बा पदराने पुसला आणि वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला. रिक्षा गोंदियाच्या रस्त्याला वळेपर्यंत आम्ही दारात उभ्या होतो.

ते कार्ड रंजनाच्या दुकानात काचेखाली आहे. मुर्रीत आता ज्यात ते बसेल असा एकही डब्बा उरलेला नाही, सगळे पांढरे, चपटे आणि चिकटवलेले.

नागपूरला डब्बा पोचल्यावर त्याने तो आधी उलटा केला असणार. पेचांवर अंगठा फिरवला असणार. लावून पाहिल्यावर हवेतलं बोलणं बंद दिसलं, की उघडला असणार, उघडल्याशिवाय राहणारा तो माणूसच नव्हे. आत रिकामी खाच दिसली असणार. कुणी काढलं, हे त्याला विचारावं लागलं नसणार.

रंजनाचा नंबर तोच आहे, दुकानाच्या पाटीवरही मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. फोन आलेला नाही.